सशांना पिसवा झाल्यात, कुत्र्याचे थेंब किती टाकायचे?

रेवडीची_आई | १४ जुलै, रात्री १०:२५
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन ससे आहेत, भाऊसाहेब आणि रेवडी. कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, दिवसा दोघं जाळीच्या गॅलरीत आणि रात्री हॉलमध्ये. गेले आठ-दहा दिवस भाऊसाहेब सारखा मागच्या पायाने मान खाजवतोय, खाजवताना पाय फरशीवर असा दणादण आपटतो की खालच्या काकूंनी विचारलं तुमच्याकडे रात्री कोण मसाला कुटतंय. काल मांडीवर घेऊन केस उलटे करून पाहिले तर कमरेपाशी, शेपटीच्या जरा वर, चहाच्या भुकटीसारखे काळे कण. म्हटलं माती असेल. तेवढ्यात एक तपकिरी काहीतरी केसातून सरसर पळालं आणि मी किंचाळले, ससा पळाला, मिस्टर धावत आले, सगळा तमाशा.

आज पेट शॉपमध्ये गेले तर त्यांनी कुत्र्याची ट्यूब दिली, मानेवर टाकायचे थेंब असतात ते. म्हणाले सशाला पण चालतं, अर्धी टाका. वर कुत्र्याचं चित्र आहे आणि फिप्रोनिल लिहिलंय. भाऊसाहेब २ किलोचा असेल, रेवडी दीडची. अर्धी म्हणजे दोघांत अर्धी का प्रत्येकी अर्धी? उद्या सकाळी ऑफिसच्या आधी टाकून जायचा विचार आहे.

धायरीकर | १४ जुलै, रात्री १०:३१
ताई थांबा!! टाकू नका. अर्धी नाही, पाव नाही, एक थेंबही नाही. फिप्रोनिल सशाला विष आहे. कुत्र्यामांजराला चालतं, सशाला नाही. सविस्तर लिहितो पण आधी "वाचलं" एवढं लिहा म्हणजे मला झोप लागेल.

रेवडीची_आई | १४ जुलै, रात्री १०:३४
वाचलं. बापरे. ट्यूब कपाटात वर ठेवून दिली. पण दुकानदार तर इतका ठामपणे सांगत होता.

धायरीकर | १४ जुलै, रात्री १०:५८
ते ठामपणेच सांगतात. आमच्याकडे २०१६ साली असाच ठामपणा झाला होता. माझी पांढरी मादी होती, तिला स्प्रे मारला, कुत्र्यासाठीचाच. त्या दिवशी काही झालं नाही म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी तिने गवताला तोंड लावलं नाही, कोपऱ्यात गोळा होऊन बसली, आणि संध्याकाळी तिला झटके यायला लागले, मान मागे जायची आणि चारही पाय ताठ. डॉक्टरकडे नेईपर्यंत रिक्षातच गेली. डॉक्टरांनी बाटली मागितली, उलटी करून बारीक अक्षरातली ओळ दाखवली, सशांवर वापरू नये असं छापलेलंच होतं. चष्मा लावून आधी वाचलं असतं तर. असो.

गंमत म्हणजे (गंमत कसली) लगेच काही होत नाही, कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतं, त्यामुळे माणसाला वाटतं की चाललं. ज्यांचे वाचतात ते सांगत सुटतात "आम्ही वापरलं काही नाही झालं", आणि दुकानदार तेच पुढे सांगतो.

पेठकर | १४ जुलै, रात्री ११:१०
+१. आणि परमेथ्रिन लिहिलेलं पण नको. ते कुत्र्यांच्या पावडरीत आणि थेंबांत असतं, मांजराला तर जीवघेणंच आहे, सशाच्या बाबतीतही जुगार खेळू नये. चित्रावर जाऊ नका, मागे घटक वाचा.

बाकी त्या पिसवाच आहेत ना याची खात्री करा. पांढरा टिश्यू ओला करायचा, ते काळे कण त्यावर ठेवून हलकं दाबायचं. माती असेल तर काळीच राहते. पिसवांची शी असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ते पचलेलं रक्तच असतं.

रेवडीची_आई | १४ जुलै, रात्री ११:२६
आत्ता केलं. तांबूस. अगदी गंजाच्या पाण्यासारखं. शी शी शी. माझ्या घोट्यांना पण चार दिवस ओळीने तीन-तीन चावे आहेत, मी डासांना शिव्या घालत होते.

चिमणी२२ | १५ जुलै, सकाळी ८:०५
कडुलिंबाचं तेल लाव की. नाहीतर कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ. आमच्या आजीकडे कोंबड्यांच्या खुराड्यात पालाच टाकायचे. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.

धायरीकर | १५ जुलै, सकाळी ८:४०
चिमणी, राग मानू नकोस पण धोतरापण नैसर्गिकच आहे. ससा दिवसभर स्वतःला चाटतो, अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं, आणि त्याला उलटी करताच येत नाही, शरीराची रचनाच तशी आहे. कडुलिंब तेल, करंज तेल, टी ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, काहीच नको. अंघोळ तर अजिबात नको. भिजलेला ससा तासन् तास सुकत नाही, गार पडतो, आणि धसक्यानेच अर्धा मरतो. पाठीचा कणा इतका नाजूक असतो की घाबरून मागचे पाय झाडले तर मोडू शकतो.

चिमणी२२ | १५ जुलै, सकाळी ८:५२
बरं बाबा. नाही लावत. 🙏 आजीच्या कोंबड्या मात्र मस्त होत्या.

जुना_पशुवैद्य | १५ जुलै, सकाळी ११:३०
नमस्कार. ३१ वर्षं सरकारी नोकरीत गाई-म्हशी-शेळ्या बघितल्या, ससे कमी, पण ससेपालनाच्या योजना आल्या तेव्हा भरपूर ससे आणि त्याहून भरपूर खरूज बघितली. थोडं लिहितो.

पुण्यात पाळीव सशावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा मांजराची असते. सशाची स्वतःची वेगळी पिसू असते, ती युरोपातल्या रानसशांवर, ती कानाच्या कडेला चिकटून बसते. आपल्याकडे येते ती मांजराकडून नाहीतर कुत्र्याकडून, आणि कुत्र्यावर असते ती पण बहुतेक मांजराचीच जात. तेव्हा पहिला प्रश्न, रेवडीच्या आई, घरात किंवा गॅलरीत मांजर येतं का?

दुसरं. अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे फार तर वीसात एक. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोषाच्या रूपात गादीत, चटईत, फरशीच्या फटीत, सोफ्याखाली. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि ती चिकट नसतात, ससा जिथे बसेल तिथे मिठासारखी सांडतात. पावसाळ्यातली उष्ण दमट हवा त्यांना फार मानवते, दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. कोषातली पिसू मात्र पक्की, महिनोन् महिने आत बसून राहते आणि पावलांची धमक जाणवली की बाहेर. म्हणून लोक गावाहून परत येतात आणि कुलूप उघडताच घोट्यांवर हल्ला होतो.

औषध आहे, सशाला चालणारं आहे. सेलामेक्टिनचे थेंब मानेमागे टाकतात, इमिडाक्लोप्रिडही देतात, पण वजन करून, डॉक्टरांच्या हातून. इथे मात्रा विचारू नये, मी सांगणारही नाही.

रेवडीची_आई | १५ जुलै, दुपारी १:१५
काका खूप धन्यवाद. मांजर येतं!! खालच्या काकूंची मनी. पाइपवरून चढून गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसते आणि जाळीला अंग घासते, ससे आतून नाक लावतात, आम्ही फोटो काढतो आणि "मैत्री" म्हणून स्टेटसला टाकतो. 😑

आज संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली. ससे बघणारे डॉक्टर शोधताना चार ठिकाणी फोन केले, दोन ठिकाणी सांगितलं आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो.

पेठकर | १५ जुलै, दुपारी २:४०
थोडं अवांतर, पण पिसवा आणि पुणं म्हटल्यावर राहवत नाही. १८९७ च्या प्लेगात हे शहर उजाड झालं, सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करताना त्याच साथीत १० मार्चला गेल्या, रँडसाहेबाच्या सोल्जरांनी घराघरात घुसून सामान रस्त्यावर फेकलं, अंथरुणं जाळली, २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याला गोळी घातली. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत उंदरावरची पिसू रोग पसरवते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते कराचीत प्रयोग करून दाखवलं १८९८ साली, आणि त्यालाही कित्येक वर्षं कुणी हिंग लावून विचारलं नाही.

चिमणी२२ | १५ जुलै, दुपारी २:४४
पेठकर काका, त्या बिचारीचा भाऊसाहेब खाजवतोय आणि तुम्ही रँडवर पोचलात. 😂

पेठकर | १५ जुलै, दुपारी २:४७
दिवा घ्या, म्हणजे हलकं घ्या हो. घरी तेव्हाच्या गोष्टी ऐकत मोठा झालोय, सवय जात नाही. (रेवडीच्या आई, घाबरू नका, ही ती पिसू नव्हे.)

रेवडीची_आई | १५ जुलै, रात्री ९:५०
जाऊन आले. डॉक्टर छान होत्या, आधी वजन केलं, भाऊसाहेब २ किलो ३०० निघाला (त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाल्लंय) आणि रेवडी १ किलो ६००. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधे केस फाकवून थेंब टाकले, जिथे स्वतःला चाटता येत नाही तिथे. पण दोघं एकमेकांना चाटतात ना दिवसभर, म्हणून थेंब वाळेपर्यंत वेगळे ठेवायला सांगितले. आत्ता एक हॉलमध्ये एक बेडरूममध्ये, आणि दाराच्या दोन्ही बाजूंनी ओरखडे चालू आहेत.

महिन्याने परत टाकायचे. ती अर्धी ट्यूब प्रकरण सांगितलं तर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

घराचं काय करू? पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवू का?

जुना_पशुवैद्य | १५ जुलै, रात्री १०:२०
लगेच नको. आधी रोज व्हॅक्यूम, सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेने, आणि पिशवी बाहेर नेऊन टाकायची, घरात ठेवायची नाही. सशांची गोधडी, पायपुसणी, जे धुता येतं ते कढत पाण्यात. दिसेनाशा झाल्या तरी तीन-चार आठवडे चालू ठेवायचं, कोष उघडत राहतात. एवढं करून भागलं नाही तर फवारणी, आणि मग ससे दोन दिवस दुसऱ्याच घरी, नुसत्या दुसऱ्या खोलीत नाही.

आणि एक गावठी सापळा. रात्री दिवे घालवा, जमिनीवर एक पसरट ताटली ठेवा, त्यात पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब, वर टेबल लॅम्प लावा. पिसू उजेडाकडे उडी मारते, साध्या पाण्यावर तरंगून परत उडते, साबणाच्या पाण्यात बुडते. ससे अर्थात त्या खोलीत नकोत, वायर कुरतडतील.

रेवडीची_आई | १६ जुलै, सकाळी ७:१०
काका!!! अकरा!!! स्टीलच्या ताटलीत अकरा पिसवा. सासूबाईंनी मोजल्या, चष्मा लावून. ताटली आता स्वयंपाकघरात परत घेणार नाही म्हणाल्या.

बारामतीचा_बाळू | १९ जुलै, दुपारी ४:००
मी शेडवर १४० ससे पाळायचो पूर्वी, आता बंद केलं. पिसवांचं एवढं काही नसतं हो, खरा शत्रू खरूज. नाकावर, ओठावर, पायाच्या बोटांवर पांढरी-राखाडी खपली धरते, आणि कानात आली की आतून लेयरवर लेयर, मक्याचे पोहे कोंबल्यासारखं दिसतं. आम्ही आयव्हरमेक्टिन टोचायचो, गुरांचंच. एका इंजेक्शनात निम्मं काम, १४ दिवसांनी परत, गरज पडली तर तिसरं. लोक उगाच डॉक्टरला पैसे घालवतात.

जुना_पशुवैद्य | १९ जुलै, संध्याकाळी ५:३०
बाळू, औषध बरोबर सांगितलंस, शेवटचं वाक्य चुकलं. गुरांचं इंजेक्शन एक टक्क्याचं, म्हणजे मिलीलीटरमध्ये १० मिलिग्रॅम. दीड किलोच्या सशाला लागतं ०.०३ ते ०.०६ मिली. म्हणजे साध्या सिरिंजवर पहिली रेघ पण पुरती येत नाही. तुझा हात १४० सशांवर बसलेला, घरातल्या माणसाने "थोडंसंच" म्हणून अर्धा मिली ओढलं तर दहापट झालं. तुझी किती मेली सुरवातीला ते पण सांग.

बारामतीचा_बाळू | १९ जुलै, संध्याकाळी ६:१०
मेली सर. पहिल्या वर्षी. 🙏 वजनकाटा नंतर घेतला.

एक मात्र स्वतःच्या अनुभवाने सांगतो, कानातली खपली उपटू नका. आमच्या गड्याने कापूस-चिमटा घेऊन साफ करायला घेतली तर ससा माणसासारखा ओरडला, मी पहिल्यांदाच सशाचा आवाज ऐकला, आणि खाली सगळं रक्ताळलेलं. इंजेक्शन दिलं की आठ-दहा दिवसांत ती आपोआप सुटून पडते, आतून कान गुलाबी स्वच्छ.

वानवडी_मस्तानी | २२ जुलै, रात्री ८:१५
छान धागा आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या सोनूच्या पाठीवर कोंडा आहे, मानेपासून शेपटीपर्यंत एक पट्टा. खाजवत नाही फारसा. माझ्या मुलीच्या हातावर आणि पोटावर बारीक पुरळ आलंय, ती त्याला उचलून फिरते. स्किनवाले म्हणाले ॲलर्जी.

धायरीकर | २२ जुलै, रात्री ८:५०
काळा कागद घ्या, त्यावर कोंडा झटका, भिंगातून दोन मिनिटं एकटक बघा. कोंडा चालायला लागला तर माइट, म्हणजे कातडीवरचा बारीक किडा. खरंच सांगतोय, त्याला चालता कोंडाच म्हणतात. सशाला फार त्रास नसतो पण उचलणाऱ्याला पुरळ येतं. सशाचे उपचार झाले की मुलीचं आपोआप जातं, माणसावर तो फार दिवस टिकत नाही. डॉक्टर सेलोटेप लावून काढतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात.

वानवडी_मस्तानी | २३ जुलै, सकाळी ९:००
चालतोय. 😭

चिमणी२२ | २८ जुलै, सकाळी १०:२०
आता माझी पाळी. बुटक्याच्या लेंड्यांवर पांढरे बारीक दोऱ्याचे तुकडे, सेंटिमीटरपेक्षा लहान, एक वळवळत होता. जंतच ना? लेकीला शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देतात तीच अल्बेंडाझोल आहे घरात, चतुर्थांश देऊ? आणि जंत तिला लागतील का? ती ससा मांडीवर घेऊन डबा खाते.

जुना_पशुवैद्य | २८ जुलै, सकाळी १०:४५
ती गोळी नको. अल्बेंडाझोलने सशांच्या हाडातल्या मगजावर परिणाम होऊन, रक्त बनणं थांबून ससे दगावल्याच्या नोंदी आहेत. फेनबेंडाझोल देतात, तेही डॉक्टरांकडून. वर्णनावरून सशाचे दोरीजंत आहेत, ते माणसाला लागत नाहीत, मुलांना होतात ते कृमी वेगळ्या जातीचे. सशालाही त्यांचा फारसा त्रास नसतो. तरी डबा मांडीवर ससा न घेता खाल्लेला बरा, एवढं आजोबा म्हणून सांगतो.

पेठकर | २८ जुलै, दुपारी १२:००
दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यावंच असं आमचे डॉक्टर म्हणतात. खरं का?

धायरीकर | २८ जुलै, दुपारी १२:३०
माझे डॉक्टर उलट म्हणतात. घरातच राहणारा ससा असेल तर आधी ताज्या लेंड्या डबीत घालून तपासायला द्या, सापडलं तर औषध. मला हे पटतं. उगाच औषध कशाला. ताज्या म्हणजे त्याच दिवशीच्या हां, आठवड्याच्या साठवलेल्या नाहीत, मी पहिल्यांदा तसं नेलं होतं आणि लॅबवाला हसला होता.

त्यापेक्षा घास कुठून आणता ते बघा. मी टेकडीवर फिरायला जायचो आणि येताना पिशवीभर हिरवं गवत आणायचो, फुकट आणि ताजं म्हणून. टेकडीवर सकाळी माणसांपेक्षा कुत्री जास्त. कुत्र्याच्या एका पट्टकृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात, ससा खातो आणि त्याच्या यकृतात, पोटाच्या पडद्यात पाण्याचे फोड धरतात. बाहेरून कळत पण नाही. आता गोठ्यावरून लसूणघास आणतो, तोही थोडाच कारण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं, बाकी सुकं गवत.

बारामतीचा_बाळू | २८ जुलै, दुपारी ३:१५
आणि रस्त्यावर टोपलीत विकतात ती मुठीएवढी पिल्लं घेऊ नका राव. तीन-चार आठवड्यांची असतात, आईजवळ निदान आठ आठवडे पाहिजेत. त्यांच्यात कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातला सूक्ष्म परजीवी, ठरलेला. पोट फुगतं, पातळ होतं, दोन दिवसांत खलास. घेतलंच असेल तर पहिल्याच दिवशी तपासणी, आणि पिंजरा रोज कोरडा करायचा, कारण त्याची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला दोन-एक दिवस आणि ओल लागते. रोज झाडलं की साखळी तुटते. मी जाळीचा तळ केला तेव्हा मर थांबली, पण जाळीने तळपायाला जखमा झाल्या, म्हणून अर्ध्यात फळी टाकली. एक ना दोन.

औंध_रोड | ९ ऑगस्ट, रात्री ११:५५
हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय, हात अजून थरथरतोय.

आमची जाई, पाच वर्षांची, जाडी. गेले चार-पाच दिवस पाऊस थांबत नव्हता, सगळं दमट. संध्याकाळी वास आला, गोडसर कुजका. मला वाटलं ट्रे. तिला उचललं तर मागची बाजू ओली, केस चिकटून चपटे झालेले, आणि केसांच्या मधे तांदळाच्या कण्यांसारखं पांढरट काहीतरी झुपक्याने. केस बाजूला केले तर खाली कातडी हलत होती. अळ्या होत्या. सकाळी मी तिला केळं दिलं होतं, तेव्हा व्यवस्थित खाल्लं होतं तिने. म्हणजे बारा तासांत.

नवरा म्हणाला टर्पेंटाइन ओतू, गावाकडे बैलाच्या जखमेत ओततात. मी नाही ओतू दिलं. चिमट्याने जेवढ्या निघाल्या तेवढ्या काढल्या, कोरड्या टॉवेलात गुंडाळून गाडीत घातलं. डॉक्टरांनी भूल देऊन केस कापले, दीड तास एकेक काढत होत्या. मी तिथे ट्रेमधला टकटक आवाज ऐकत होते. जाई वाचलीये, सलाइनवर आहे.

डॉक्टर म्हणाल्या मूळ कारण केळं आणि बिस्किट. मला कळेना. मग समजावलं की ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो, एक कोरड्या गोळ्या आणि एक मऊ द्राक्षाच्या घोसासारख्या, त्या मऊ तो स्वतःच तोंड लावून खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. गोड खाऊन पोट भरलं की तो त्या खात नाही, आणि जाड झाला की तोंड तिथवर पोचतच नाही. मग ते मागे चिकटतं, वासाला माशी येते, अंडी घालते. मला वर्षभर वाटत होतं तिला मधून मधून जुलाब होतात.

धायरीकर | १० ऑगस्ट, सकाळी ६:४०
ताई, तुम्ही टर्पेंटाइन ओतू दिलं नाहीत हे फार बरं केलंत. भाजून निघाली असती आणि वर चाटलं असतं. जाईला बरं वाटू दे.

बाकीच्यांना, जून ते सप्टेंबर सशाचा ढुंगण रोज दोनदा बघायचाच. सकाळी दात घासायच्या आधी एकदा आणि रात्री एकदा. मी मोबाइलला अलार्म लावलाय, नाव "मागे बघ". ऑफिसात वाजला एकदा, सगळे मागे बघायला लागले.

जुना_पशुवैद्य | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५
यात भर एवढीच, हिरवी चकाकती माशी घरात दिसली की तिला हलकी समजू नका, तीच अंडी घालते. खिडकीला डासांची जाळी, लघवीची जागा रोज बदलायची, आणि आहारात बहुतांश सुकं गवत. अळी दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. ससा खायचा बंद झाला आणि दहा-बारा तास लेंडी नाही, तरी तेच.

औंध_रोड | १३ ऑगस्ट, दुपारी ४:३०
जाई घरी आली. मागचे केस भादरल्यामुळे वानरासारखी दिसतेय. कोथिंबीर खाल्ली. बिस्किटाचा पुडा सोसायटीच्या वॉचमनला दिला.

चिमणी२२ | १३ ऑगस्ट, दुपारी ४:४१
जाईला 🥰. बुटक्याच्या लेंड्या क्लिअर आल्या रिपोर्टमध्ये. त्याची गाजरं आणि सफरचंद अर्ध्यावर आणलीत, तो माझ्याशी बोलत नाही.

पेठकर | २१ ऑगस्ट, रात्री ९:००
धागा वर काढतोय. रेवडीच्या आई, तुमचं पुढे काय झालं? दुसरा डोस झाला? आणि त्या मनीचं?

रेवडीची_आई | २२ ऑगस्ट, सकाळी ११:३५
हो हो, लिहायचं राहिलंच. दुसरा डोस झाला १५ तारखेला. पण मधे पिसवा परत आल्या होत्या, ताटलीत दोन, मग चार, मग सात. व्हॅक्यूम रोज चालू होता, गोधड्या उकळून उकळून विरल्या. शेवटी मिस्टर म्हणाले मनीचा बंदोबस्त केल्याशिवाय हे संपणार नाही, आणि काकूंकडे जायचं काम माझ्यावर आलं.

गेले. काकू म्हणजे घरात पाय ठेवला की फरशीत तोंड दिसेल अशा. मी कसंबसं सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या मनीला? पिसवा? अगं मी तिला दर गुरुवारी उटण्याने पुसते." पुढे म्हणाल्या ससे घाणेरडेच असतात, त्यांच्याकडूनच आल्या असतील. मी काही बोलले नाही, वर आले आणि मिस्टरांवर चिडले.

मग सासूबाई गेल्या. उवांची लाकडी फणी घेऊन, आणि ओला टिश्यू. काय बोलल्या माहीत नाही, पाऊण तास वरती आल्या नाहीत. आल्या तेव्हा टिश्यू तांबूस होता आणि हातात काकूंनी दिलेली अळूवडी होती.

मनीला काल मांजराचं औषध टाकलं, तिच्या वजनाचं, डॉक्टरांकडूनच. ते वाळेपर्यंत काकूंनी तिला बाथरूममध्ये कोंडलंय आणि दर दहा मिनिटांनी मला फोन करून विचारतायत की वाळलं हे कसं ओळखायचं.